परदेशात खर्चासाठी आणि रोख काढण्यासाठी खातं कसं निवडावं: सोलापुरातून निघण्याआधी महिनाभर करायची कामं

दर जानेवारीत आमच्या कारखान्यातून दोघं-तिघं फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टाइल प्रदर्शनाला जातात. इकडे सिद्धेश्वराच्या यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा, भरलेली असते आणि तिकडे ही मंडळी टॉवेलचे नमुने मांडून उभी असतात. त्यांच्या प्रवासातल्या पैशांची सोय बघणं माझ्याकडे असतं. त्यामुळे हळूहळू शेजारपाजारचेही विचारायला लागले: कुणी उमऱ्याला निघालेलं, कुणाचा मुलगा दुबईत, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला चाललेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "कुठल्या बँकेत खातं काढू?" आणि बहुतेक जण तो विचारतात निघायच्या चार दिवस आधी.

चार दिवसांत नवं खातं उघडेल, पण कार्ड पोस्टानं येणं, पिन लावणं, परदेशी वापर चालू करणं आणि त्याची चाचणी घेणं एवढं सगळं होत नाही. म्हणून खालचे टप्पे निघण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करा आणि त्याच क्रमानं करा. क्रम चुकला की पैसे खात्यात असतात आणि हात मात्र रिकामा राहतो.

## टप्पा १: आधी खर्चाचा कागद, मग बँक

वहीचं एक पान घ्या आणि तीन आकडे लिहा: कार्डानं किती खर्च होईल, रोख किती लागेल आणि हॉटेलात अनामत किती अडकेल. हा हिशेब देशानुसार बदलतो. सिंगापुरात जवळजवळ सगळीकडे कार्ड चालतं. जर्मनीत मोठ्या दुकानांत चालतं, पण लहान बेकरीत, टपरीवजा दुकानात फक्त तिथलं स्थानिक कार्ड किंवा रोख घेतात. आमच्या लोकांची पहिल्या वर्षी नेमकी तिथेच पंचाईत झाली होती. मक्का-मदिनेत हॉटेल आणि मोठी खरेदी कार्डानं होते, किरकोळ गोष्टींना रियाल हातात असलेले बरे.

ज्याला फक्त कार्ड घासायचं आहे त्याचं खातं वेगळं आणि ज्याला चार वेळा रोख काढायची आहे त्याचं वेगळं. हे पान भरल्याशिवाय बँकेची पायरी चढू नका.

थांबा: नेपाळ किंवा भूतानला जात असाल तर फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड, घेऊ नका, ते तिथे चालत नाही. या दोन देशांसाठी परदेशी चलनही मिळत नाही. तिथे आपलं डेबिट कार्ड आणि बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं. पशुपतिनाथाला जाणारे दरवर्षी इथे गोंधळतात.

## टप्पा २: हातातलं कार्ड आधी तपासा

नवं खातं काढण्याआधी जुनं कार्ड पाकिटातून बाहेर काढा आणि दोन्ही बाजूंनी नीट बघा.

पहिलं, त्यावर व्हिसा आहे, मास्टरकार्ड आहे की रुपे? आपल्याकडे अनेकांचं मुख्य खातं सहकारी बँकेत असतं आणि तिथलं कार्ड बहुधा देशांतर्गत रुपे असतं. ते परदेशात चालणार नाही. आंतरराष्ट्रीय रुपे कार्ड हा वेगळा प्रकार आहे. तो परदेशात डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतो, म्हणजे व्हिसाइतका सगळीकडे नाही. सहकारी बँकेतलं खातं बंद करायची काहीच गरज नाही, घरच्या व्यवहाराला ते उत्तम आहे. फक्त परदेशासाठी त्यावर विसंबू नका.

दुसरं, कार्डाची मुदत. परतीच्या तारखेनंतर निदान दोन महिने तरी ती शिल्लक हवी.

तिसरं, खातं जिवंत आहे का? दोन वर्षं तुम्ही स्वतः व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय धरलं जातं. केवायसीचे कागद पुन्हा मागितलेले असतील आणि तुम्ही दिले नसतील तरी व्यवहार अडू शकतो. शाखेत जाऊन "केवायसी पूर्ण आहे ना?" एवढं विचारून या. जाताना दुसरा आणि चौथा शनिवार टाळा.

## टप्पा ३: बँकेला चार आकडे विचारा

"परदेशात चालतं का?" असं विचारलं की काउंटरवरून "हो, चालतं" एवढंच उत्तर मिळतं. ते खरं असतं, पण त्यातून काहीच कळत नाही. हे चार प्रश्न विचारा:

१. परदेशी चलनातल्या व्यवहारावर मार्कअप किती टक्के?
२. परदेशी एटीएममधून पैसे काढायला दर वेळी ठरावीक शुल्क किती?
३. एका दिवसात परदेशात रोख काढायची मर्यादा किती?
४. परदेशात व्यवहार रुपयांत झाला तर त्यावर वेगळं शुल्क आहे का?

ही उत्तरं बँकेच्या संकेतस्थळावरच्या सेवाशुल्क पत्रकात असतात. तोंडी उत्तरावर थांबू नका, पत्रकात आपल्याच कार्डाच्या नावासमोरचा आकडा बघा. एकाच बँकेच्या दोन कार्डांचे आकडे वेगळे असतात.

मार्कअप म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डनं लावलेल्या विनिमय दरावर तुमच्या बँकेनं घेतलेला वरचा वाटा. साध्या कार्डांवर तो बहुधा २ ते ३.५ टक्के असतो आणि त्या वाट्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो.

आता कागदावर मांडून बघू. समजा मार्कअप ३.५ टक्के आणि रोख काढायचं शुल्क दर वेळी १२५ रुपये. तुम्ही २०,००० रुपयांइतकं परदेशी चलन एकदाच काढलं. मार्कअप ७००, त्यावर जीएसटी १२६. ठरावीक शुल्क १२५, त्यावर जीएसटी २२.५०. एकूण गेले ९७३.५० रुपये. तेच २०,००० तुम्ही चार-चार हजार करून पाच वेळा काढले, तर मार्कअप तेवढाच राहतो, पण ठरावीक शुल्क पाच वेळा लागून एकूण १,५६३.५० रुपये जातात. म्हणजे ५९० रुपये नुसते थोडे-थोडे काढण्याच्या सवयीनं गेले.

तिथल्या एटीएमवाल्या बँकेचं शुल्क यात धरलेलंच नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त कापतात. अमेरिकेत बहुतेक यंत्रं तीन ते पाच डॉलर घेतात. हे शुल्क तुमची भारतातली बँक माफ करू शकत नाही, कारण ते तिच्याकडे जातच नाही. "शून्य शुल्क" अशी जाहिरात वाचून खातं काढलेल्यांचा भ्रमनिरास इथेच होतो.

तपासा: रोख काढण्याच्या दैनंदिन मर्यादेचा आकडा पहिल्या टप्प्यातल्या पानाशी ताडून बघा. मर्यादा कमी असेल तर तुम्हाला एटीएमकडे जास्त वेळा जावं लागेल आणि वरचा सगळा हिशेब वाढेल.

## टप्पा ४: एक कार्ड नव्हे, जोडी ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: परदेशासाठी एक चांगलं कार्ड शोधत बसण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या खात्यांवरची दोन साधी कार्डं न्यावीत. नवरा-बायको संयुक्त खात्यावरची दोन कार्डं घेऊन निघतात आणि दोन कार्डं आहेत म्हणून निश्चिंत होतात. खातं गोठलं की दोन्ही एकदमच बंद पडतात. जोडी ठरवताना बँक वेगळी हवी, आणि जमलं तर एक व्हिसा, एक मास्टरकार्ड.

जास्त खर्च कार्डानं होणार असेल तर: मार्कअप न घेणारं कार्ड शोधा. काही बँका अशी डेबिट आणि क्रेडिट कार्डं देतात. क्रेडिट कार्ड हॉटेलच्या अनामतीसाठी विशेष बरं. डेबिट कार्डावर अनामत अडकवली तर तुमचे खरे पैसे खात्यात दिवस-दिवस अडकून राहतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडते.

मात्र क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख काढू नका. वेगळं शुल्क लागतंच, शिवाय बिलाची वाट न बघता त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

रोख जास्त लागणार असेल तर: मार्कअप शून्य किंवा कमी आणि रोख काढायचं शुल्क कमी असलेलं डेबिट कार्ड.

खर्चाचा आकडा आधीच पक्का असेल तर: फॉरेक्स कार्ड. टाकलेल्या दिवशीचा दर पक्का होतो आणि कार्ड हरवलं तरी मुख्य खातं सुरक्षित राहतं. उमऱ्याला जाणाऱ्या वयस्कर मंडळींना मी हेच सुचवतो.

फॉरेक्स कार्डात एक चूक वारंवार होते. कार्डावर डॉलर टाकतात आणि खर्च रियालमध्ये करतात. रियाल डॉलरला ३.७५ या दरानं बांधलेला आहे, मग काय फरक पडतो, असं वाटतं. फरक पडतो. कार्डावरचं चलन आणि खर्चाचं चलन वेगळं असलं की क्रॉस-करन्सी शुल्क लागतं आणि तेही मार्कअपइतकंच जड असू शकतं. सौदीला जाताना रियालच टाका, दुबईला दिरहॅमच, जर्मनीला युरोच. व्हिएतनामचा डाँग किंवा इंडोनेशियाचा रुपिया बहुतेक फॉरेक्स कार्डांवर टाकताच येत नाही. त्या देशांसाठी मार्कअप न घेणारं डेबिट कार्ड बरं पडतं.

पैसे हप्त्याहप्त्यानं टाकू नका. चलन खरेदीवर जो जीएसटी लागतो तो दर वेळी कमीतकमी ४५ रुपये असतो आणि काही बँका प्रत्येक वेळी टाकण्याचं शुल्कही घेतात.

नोकरीसाठी कायमचं जाणाऱ्या मुलांसाठी हा लेख पुरेसा नाही. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. ते काम वेगळं आहे, पण विसरू नये.

## टप्पा ५: खातं उघडा, पण सगळे पैसे त्यात ठेवू नका

पगार किंवा पेन्शन येतं त्या खात्याचं कार्ड परदेशात वापरू नका. वेगळं खातं उघडा, मुख्य खात्यातून अ‍ॅपवर लागतील तसे पैसे त्यात वळवा. कार्डाची माहिती चोरीला गेली तर नुकसान त्या खात्यातल्या रकमेपुरतंच राहील. त्यासाठी मुख्य खात्याचं अ‍ॅप परदेशातही चालायला हवं, त्याची तयारी पुढच्या टप्प्यात आहे.

कराचा भाग थोडक्यात. डेबिट आणि फॉरेक्स कार्डानं परदेशात केलेला खर्च रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजला जातो. तिची मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे देतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जात नाही, म्हणजे साध्या प्रवासाला तो प्रश्न येतच नाही. टूर कंपनीच्या पॅकेजचे नियम मात्र वेगळे आहेत. त्यांच्या बिलात टीसीएस दिसला तर पॅन बरोबर लिहिला आहे ना ते बघा. विवरणपत्र भरताना ती रक्कम करात वळती करता येते.

## टप्पा ६: परदेशी वापराचं बटण, मर्यादा आणि सिम

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून घडलेली गोष्ट सांगतो.

आमचे मालक तीन वर्षं एकच डेबिट कार्ड घेऊन जर्मनीला जात होते, कधी अडचण आली नाही. चौथ्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फ्रँकफुर्टच्या स्टेशनवर एटीएमनं कार्ड परत ढकललं. दोनदा प्रयत्न केला, तेच. मला फोन आला तेव्हा इथे पहाटेचे अडीच वाजले होते. खात्यात पैसे होते, पिन बरोबर होता. झालं असं होतं की नोव्हेंबरमध्ये जुन्या कार्डाची मुदत संपून नवं कार्ड आलं होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे: नवं किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप यंत्रांसाठी चालू असतं, परदेशी वापर ग्राहकानं स्वतः चालू करायचा. जुन्या कार्डावर तो त्यांनी केव्हातरी चालू केला होता. नव्यावर तो बंदच होता.

मी म्हटलं, अ‍ॅप उघडा आणि चालू करा. अ‍ॅपनं ओटीपी मागितला. ओटीपी सोलापूरच्या नंबरवर, आणि त्या सिमवर रोमिंग नव्हतं. ती रात्र त्यांनी सोबतच्या माणसाकडून साठ युरो उसने घेऊन काढली.

म्हणून ही चार कामं सोलापुरात, घरात बसून करा:

१. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. एटीएम, स्वाइप, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं यांची बटणं वेगवेगळी असतात. हवी ती प्रत्येक चालू करा, नको ती बंदच ठेवा.
२. प्रत्येकाची मर्यादा बघा. बटण चालू आणि मर्यादा शून्य, असंही असतं. पानावरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त मर्यादा लावा.
३. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
४. बँकेशी जोडलेल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करा. तिकडचं सिम घेणार असाल तरी आपलं सिम फोनमध्येच राहू द्या. पाकिटात काढून ठेवलेल्या सिमवर ओटीपी येत नाही.

यूपीआय वापरायचं असेल तर त्याचंही आंतरराष्ट्रीय बटण अ‍ॅपमध्ये वेगळं असतं. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस इथे काही ठिकाणी ते चालतं. जोडीतलं दुसरं कार्ड म्हणून मात्र यूपीआयला धरू नका.

## टप्पा ७: घरूनच चाचणी

निघण्याआधी दहा-बारा दिवस नवं कार्ड जवळच्या एटीएममध्ये घालून पाचशे रुपये काढा. पिन चालतो हे कळतं. मग डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या एखाद्या परदेशी संकेतस्थळावर एक-दोन डॉलरची काहीतरी खरेदी करा. परदेशी ऑनलाइन व्यवहाराचं बटण खरंच चालू आहे का, हे त्यात कळेल. दोन-चार दिवसांनी खातेउतारा उघडा. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत नंतर कापतात. पत्रकातला आकडा आणि कापलेला आकडा जुळला पाहिजे.

तपासा: या चाचणीत परदेशी एटीएमचं बटण तपासलं जात नाही. त्यासाठी स्क्रीनशॉट पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला.

## टप्पा ८: थोडं चलन हातात

पहिल्या दिवसाची टॅक्सी, जेवण आणि एक रात्र भागेल एवढं चलन नोटांत न्या. परवानाधारक मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. सोलापुरात हवं ते चलन त्याच दिवशी हातात पडेल असं धरू नका, दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा. मुंबई किंवा हैदराबादच्या विमानतळावर घेऊ म्हटलं तर दर बहुधा महाग पडतो.

बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरइतक्याच नोटा मिळतात, बाकी कार्डावर. हज-उमऱ्याला रोखीची मर्यादा वेगळी आणि सैल आहे. चलनाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली तर पैसे रोखीनं देता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात.

## टप्पा ९: तिकडच्या यंत्रासमोर

शक्यतो बँकेच्या इमारतीतलं एटीएम निवडा, तेही बँक उघडी असताना. यंत्रानं कार्ड गिळलं तर आत जाऊन सांगता येतं.

कार्ड घातल्यावर खात्याचा प्रकार विचारला तर सेव्हिंग्ज निवडा, नाही चाललं तर चेकिंग किंवा करंट. मग शुल्काचा पडदा येतो. जास्त वाटलं तर रद्द करा, त्याचे पैसे लागत नाहीत.

यानंतरचा पडदा खरा महत्त्वाचा. यंत्र म्हणतं: तुमच्या खात्यातून थेट इतके रुपये कापू का? रुपयांचा आकडा मोठ्या अक्षरांत, शेजारी हिरवं बटण. आपल्या माणसाला रुपये ओळखीचे, म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. तिथे दर ठरवतो तो यंत्रवाला, आणि तो बाजारभावापेक्षा चार-पाच टक्के किंवा त्याहूनही महाग असू शकतो. शिवाय काही भारतीय बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क घेतात, म्हणजे दुहेरी फटका. मार्कअप न घेणारं कार्ड मिळवायला केलेली सगळी मेहनत या एका बटणानं वाया जाते.

"विदाउट कन्व्हर्जन" किंवा "डिक्लाइन कन्व्हर्जन" लिहिलेलं बटण दाबा. डिक्लाइन म्हटलं म्हणून व्यवहार रद्द होत नाही. फक्त रूपांतर नाकारलं जातं, पैसे बाहेर येतात. ही भीती इतकी खरी आहे की मी प्रत्येकाला हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून देतो, कार्डाच्या मागे ठेवायला.

दुकानातही तेच. यंत्र दुकानदाराच्या हातात असतं आणि कधी कधी तो न विचारताच रुपये दाबतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर युरो आहे, दिरहॅम आहे की रुपये, ते बघा. रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

## काही बिघडलं तर

पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले: पावती किंवा पडद्याचा फोटो, यंत्राचा पत्ता आणि वेळ टिपून घ्या आणि त्याच दिवशी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करा. तिथल्या बँकेशी वाद घालत बसू नका, रक्कम परत मागायचं काम आपल्या बँकेमार्फतच होतं.

न केलेला व्यवहार दिसला: आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा. गैरव्यवहार तिसऱ्याच कुणी केला असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. उशीर होत जाईल तसा तुमचा वाटा वाढतो. बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. टोल-फ्री क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाही.

## परत आल्यावर

घरी पोचल्याच्या दिवशी अ‍ॅप उघडून आंतरराष्ट्रीय बटणं बंद करा. पुढचा महिनाभर उतारा बघत राहा, कारण हॉटेलची अनामत आणि उशिरा आलेली बिलं तेव्हा दिसतात. फॉरेक्स कार्डावर रक्कम उरली असेल तर ती काढून घ्या, कारण न वापरलेल्या कार्डावर काही ठिकाणी शुल्क चढत जातं. उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांच्या आत परत करावं लागतं.

आमच्याकडे उरलेले युरो एका लिफाफ्यात घालून त्यावर तारीख आणि रक्कम लिहून तिजोरीत ठेवतो. पुढच्या गड्ड्याला पुन्हा लागतात.